चौघांनी उचललेली बाज

कफर्नहूमच्या त्या घरातील प्रसंग आमच्या वाचकांस परिचित आहे. पक्षघाताने खिळलेल्या एका माणसास चौघांनी बाजेवर घालून प्रभूकडे आणले. दारात गर्दी, आत शिरण्यास वाट नाही; तेव्हा ते घरावर चढले, छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. संत मार्क यांनी त्या चौघांची नावे दिलेली नाहीत. ते रोग्याचे भाऊ होते की शेजारी, हेही सांगितलेले नाही. प्रभूने मात्र त्या सर्वांचा विश्वास पाहिला, एकट्या रोग्याचा नव्हे. या उताऱ्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. दारातील गर्दीविषयी मात्र आम्ही फारसे बोललो नाही, कारण त्या गर्दीत बहुधा आपणच उभे असतो.

एका रविवारी आम्ही स्वतःच तसे उभे राहिलो होतो. ती गोष्ट सांगणे आम्हांस सुखाचे नाही. तथापि ती वगळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वीची ही हकिगत. मिस्सा चालू होता. पुढून तिसऱ्या बाकावर एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन बसली होती. अभिषेकाच्या वेळी, सारे मंदिर निःशब्द असता, तो मुलगा मोठ्याने हुंकार देऊ लागला व टाळ्या पिटू लागला. आईने तोंडावर हात ठेवला, तशी त्याने किंकाळी फोडली. आम्ही क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "बाई, मुलास जरा बाहेर न्या." एवढेच. आवाज चढविला नाही, रागही नव्हता. ती उठली व बाजूच्या दाराने निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. म्हातारी सासू धाकट्या नातीस घेऊन येत असे आणि मागच्या मागे निघून जात असे. आम्ही विचारले नाही. गावात कोणीच विचारले नाही. असे अकरा महिने गेले. पास्कानंतर घरे आशीर्वादण्यास निघालो तेव्हा त्या घरी जाणे झाले. पुढच्या पडवीत कोणी नव्हते, म्हणून आम्ही परसदारी वळलो, तो तेथे तो मुलगा खांबास बांधलेला दिसला. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी कमरेस गुंडाळून तिचे दुसरे टोक खांबास बांधले होते. हाताशी पाण्याचा तांब्या व चुरमुऱ्यांची वाटी होती.

आमच्या तोंडी कठोर शब्द आले होते. तेवढ्यात ती शेतातून धावत आली, गाठ सोडली आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच म्हणाली, "विहीर आहे फादर. पाणी दिसलं की हा धावतो. सासूबाईंना दिसत नाही, मालक गोव्यात कामाला. मी एकटी किती बघू?" विहीर परसात दहा पावलांवर होती, तीस कठडा नव्हता.

आम्ही घर आशीर्वादिले आणि परत आलो. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. ती बाज एकट्याने उचलली जात होती. आणि जे चार हात पुढे यावयाचे, त्यांपैकी निदान एक आमचा होता.

अशा कुटुंबास देवाच्या घरातून परत फिरविण्याचे पाप आमच्याच वाट्यास आले असे नव्हे. १९६० च्या दशकात फ्रान्समधील एका दांपत्याने आपल्या दोन मुलांसह लूर्दच्या यात्रेस जावयाचे ठरविले. दोन्ही मुलगे तीव्र बौद्धिक अक्षमतेचे. यात्रेच्या व्यवस्थापकांनी सांगितले की, ही मुले यात्रेतील काही समजू शकणार नाहीत आणि इतरांस मात्र त्रास होईल. तेव्हा ते चौघे आपले आपण गेले. हॉटेलात खोली मिळाली ती, जेवण खोलीतच घ्यावे या अटीवर! या अपमानाची वार्ता काही सहृदय माणसांच्या कानी गेली, आणि १९७१ च्या पास्कास बारा हजार यात्रेकरू लूर्दला जमले. त्यांपैकी सुमारे चार हजार अशाच व्याधींनी ग्रस्त होते. बाकीचे त्यांचे आईबाप, भावंडे, मित्र. 'फेथ अँड लाइट' ही चळवळ तेथे जन्मली. तिचे लहान लहान समूह महिन्यातून एकदा भेटतात, एकत्र जेवतात, प्रार्थना करतात, गातात. यात औषधोपचार कोठेच नाही. तरीही आईबापांस जे हवे असते त्यातील पुष्कळसे यातच येते.

आता नावांविषयी थोडे. गावात अशा मुलास 'खुळा' म्हणतात, 'वेडा' म्हणतात. आमच्या वाडवडिलांच्या पिढीने 'मतिमंद' हा शब्द त्या मानाने सभ्य म्हणून स्वीकारला; आज तोही बोचू लागला आहे आणि कायदा 'बौद्धिक दिव्यांगता' म्हणतो. शब्द बदलत राहतील. पण एका नावाखाली अनेक निरनिराळ्या अवस्था दडलेल्या आहेत, हे ओळखणे अगत्याचे आहे. डाउन सिंड्रोम वेगळा, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूस इजा पोहोचून स्नायूंवरील ताबा जाणे वेगळे, आणि स्वमग्नता, जिला ऑटिझम म्हणतात, ती आणखी वेगळी. सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असे समजून त्यांच्यावर मोठा अन्याय होतो. परसातला आमचा मुलगा स्वमग्न निघाला.

प्रभूच्या शिष्यांनी जन्मांध मनुष्यास पाहून विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. तरी दोन हजार वर्षे आपण तोच प्रश्न विचारीत आहोत. सुनेने ग्रहण पाळले नाही, बापाने नवस फेडला नाही, कोणाची तरी नजर लागली. खेडवळ माणसांनाच हा दोष द्यावा असेही नाही. अमेरिकेत १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे प्रथम सविस्तर वर्णन केले. आणि पुढील दोन दशके मोठमोठे विद्वान असे सांगत राहिले की, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून ती कल्पना खोडून काढली, तोवर कित्येक मातांनी तो कलंक उगाच वाहिला. डाउन सिंड्रोमचेही तसेच. डॉ. जेरोम लेजेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली जाहीर केले की, या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या जोडीत एक अधिक. त्या एका गुणसूत्राने किती घरांतील किती सुनांची निर्दोष मुक्तता केली असेल! डॉ. लेजेन श्रद्धावान कॅथोलिक होते, जन्मभर या मुलांचे कैवारी राहिले, आणि २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांस 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

दोष कोणाचा नाही हे मान्य केले म्हणजे पुढचा प्रश्न सुचतो तो असा की, मदत कोठे आहे? आमचाही समज असा होता की, खेड्यात काही नाही, सारे मुंबई-बंगळूरला. तो समज पुष्कळ अंशी चुकीचा ठरला.

अंगणवाडीतील व शाळेतील मुले तपासण्यास सरकारी वैद्यकीय पथक येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे ते पथक. अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शाळेस एकदा भेट द्यावी असा नियम आहे. मूल मागे पडत आहे असे आढळल्यास त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. अडचण अशी की, पथक येते त्या दिवशी असे मूल घरी ठेवले जाते. चारचौघांत नको, पाहुण्यांसमोर नको, डॉक्टरांसमोरही नको! आमच्या मुलाच्या बाबतीत हेच झाले होते. अंगणवाडीच्या बाईंनी त्यास पटावर घेतले नव्हते आणि आईनेही आग्रह धरला नव्हता. आता नोव्हेंबर २०२३ पासून अंगणवाडीने दिव्यांग बालकांस कसे सामावून घ्यावे याची स्वतंत्र कार्यपद्धती केंद्र सरकारने घालून दिली आहे. तेव्हा 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर कोणी निमूटपणे ऐकून घेऊ नये.

आयांनी व आज्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. दोन महिन्यांचे मूल आईकडे पाहून हसू लागते. चार महिन्यांचे मान धरते. नऊ महिन्यांचे आधाराविना बसते. दीड वर्षाचे चालते. दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलते. थोडे मागेपुढे चालते, पण फार मागे पडल्यास 'याचा बापही उशिरा बोलला' म्हणून स्वस्थ बसू नये. काही गोष्टींत तर दिवस मोजावे लागतात. जन्मतः थायरॉईड ग्रंथी मंद असलेल्या मुलास पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेले परत येत नाही. नवजात बाळाची कावीळ फार वाढली व तिच्यावर उपाय झाला नाही, तर मेंदूस कायमची इजा होऊ शकते.

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर एक ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो. आमच्या गावचा कार्यकर्ता स्वतः एका पायाने अधू, सायकलवरून फिरणारा. प्रमाणपत्र, दिव्यांग ओळखपत्र, मासिक वेतन या तिन्ही गोष्टी त्याने आम्हांस शिकविल्या. सेमिनरीत हे कोणी शिकविले नव्हते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेचे एकवीस प्रकार मानले आहेत. सहा ते अठरा वर्षांच्या ज्या मुलाची अक्षमता प्रमाणपत्रानुसार किमान चाळीस टक्के आहे, त्यास जवळच्या शाळेत वा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी 'निरामय' ही विमा योजना आहे. वर्षास एक लाख रुपयांपर्यंत, आणि तीत नियमित थेरपीचाही खर्च येतो. गोव्यातील वाचकांस दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ठाऊकच आहे. जुन्या गोव्यातील कारितासची सेंट झेवियर्स अकादमी व फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान या संस्थाही. हैदराबादकडील मराठी कुटुंबांस सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था जवळ आहे. ती १९८४ साली स्थापन झाली आणि आईबापांस शिकविण्यावर तिचा भर आहे.

आईबापांच्या मनात एक प्रश्न असतो, जो ते सहसा बोलून दाखवीत नाहीत : आमच्या माघारी काय? मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे कायद्याने आईबापांचे पालकत्व संपते, मग मुलास सही करता येवो वा न येवो. त्याकरिता राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती आहे. ती पालक नेमून देते. जमीन-घराची वाटणी करण्याआधी या समितीकडे जावे. वाटणीनंतर भावाभावांत काय होते ते आम्ही पाहिले आहे. अधिक लिहीत नाही.

एक गोष्ट आपल्या सीमाभागातील लोकांस विशेष सांगावयाची आहे. घरात कोकणी वा मराठी, शाळेत कन्नड, आणि भोवती इंग्रजीचा सोस. मूल उशिरा बोलू लागले की कोणीतरी सल्ला देतो : घरची भाषा सोडा, शाळेचीच बोला, नाहीतर त्याचा गोंधळ होईल. आमच्या त्या माउलीस असाच सल्ला मिळाला होता. तीस कन्नड मोडकेतोडकेच येते. म्हणून तिने मुलाशी बोलणेच जवळजवळ बंद केले होते! डाउन सिंड्रोमच्या व स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे अशा मुलांचे नुकसान होते असे आढळलेले नाही. ज्या भाषेत आईस अंगाई सुचते त्याच भाषेत तिने बोलावे.

आणि दुसरी गोष्ट फसवणुकीची. स्वमग्नता 'बरी करतो' म्हणून स्टेम सेलची इंजेक्शने देणारे लोक आहेत. त्यासाठी जमीन गहाण टाकलेले एक कुटुंब आम्ही जाणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही विकारांपुरताच मान्य आहे. बाकी सारे प्रयोग, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. बोलणे, खाणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे हे रोज थोडे थोडे शिकविणे, हाच मार्ग. तो लांबचा आहे.

लांबचा मार्ग एकट्याने चालवत नाही, आणि येथेच आम्हांस बेल्जियममधील गेल या गावाची आठवण होते. परंपरा अशी की, संत डिंफ्ना ही आयर्लंडची राजकन्या उन्मत्त पित्यापासून पळून तेथे आली व त्याच्याच हातून मारली गेली. तिच्या समाधीपाशी मनाने व बुद्धीने व्याधिग्रस्त झालेल्यांस लोक घेऊन येऊ लागले. मंदिरालगतची रुग्णखोली अपुरी पडली, तेव्हा गावकऱ्यांनी यात्रेकरूंस आपापल्या घरी ठेवून घेतले. काही नातलग परत न्यावयास आलेच नाहीत, आणि पाहुणे राहिले ते राहिलेच. शतकानुशतके गेलची शेतकरी कुटुंबे अशी माणसे घरात ठेवीत आली. त्यांत बौद्धिक अक्षमतेचीही पुष्कळ. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारे ३,८०० होती. आज ती फार घटली असली तरी प्रथा जिवंत आहे. २०२३ साली युनेस्कोने वारसा-जतनाचा एक उत्तम नमुना म्हणून तिची नोंद केली.

गेलच्या लोकांनी कोणास बरे करण्याचा आव आणला नाही. पाहुणा गाई हाकी, बटाटे सोली, मुलांस खेळवी, किंवा नुसता चुलीपाशी बसे. गावात तो विक्षिप्त वागला तर कोणास नवल वाटत नसे, कारण शेजारच्या घरातही एक होताच. त्याच वेळी कुटुंबास वाऱ्यावरही सोडलेले नव्हते : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारची वैद्यकीय देखरेख आहे, कुटुंबास भत्ता मिळतो, अडचण आली की इस्पितळाचे माणूस येते. दया एका बाजूस व व्यवस्था दुसऱ्या बाजूस, अशी फाळणी तेथे झाली नाही. आपल्याकडे व्यवस्था कागदावर आहे आणि दया प्रवचनात.

आम्ही गेल वसविलेले नाही. आधी विहिरीस कठडा बांधला. तरुण मंडळींनी दोन रविवारांत काम उरकले. मग शोध घेता गावात व वाड्यांवर मिळून अशी आणखी तीन मुले निघाली, त्यांपैकी एक हिंदू घरचे. दर गुरुवारी जिल्ह्याच्या ठिकाणी थेरपी असते. जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये येथील स्त्रियांस तिकीट नाही, तेव्हा भाड्याचा प्रश्न अर्धा सुटला. राहिला तो बुडालेल्या मजुरीचा आणि सोबतीचा. प्रत्येक आईबरोबर दर खेपेस एक बाई जाते. चार घरे पाळीपाळीने ते करतात. रविवारी दुपारी दोन तास मुले पॅरिशच्या दालनात असतात, तेवढ्यात आया झोपतात. होय, झोपतात, पहिल्या दिवशी एकीस विचारले, तर तिने हेच मागितले होते.

येथे एक नियम आम्ही कडकपणे पाळतो : मुलांपाशी नेहमी दोन मोठी माणसे, आणि दार उघडे. मग ते आम्ही स्वतः असू वा आणखी कोणी. कोणास हे अविश्वासाचे वाटले. परंतु वर सांगितलेल्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, ज्याँ व्हॅनिए, ज्यांस लोक हयातीतच संत मानीत, त्यांनी अनेक प्रौढ स्त्रियांचा लैंगिक गैरफायदा घेतला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, त्यांच्याच संस्थेने चौकशी करून जाहीर केले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. जी मुले बोलून सांगूही शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत किती जपावे लागेल!

त्या मुलास गेल्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला. त्यास प्रश्नोत्तरे येत नाहीत. कोणी शंका काढली. परंतु संत पायस दहावे यांनी १९१० सालीच सांगून ठेवले आहे की, ख्रिस्तप्रसाद व साधी भाकर यांतील भेद मुलास कळला म्हणजे पुरे. आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली लिहिले की, बौद्धिक अक्षमता असलेल्यांस शक्यतो ख्रिस्तप्रसाद द्यावा, कारण त्यांच्या घरच्यांची व समाजाची श्रद्धाही तेथे त्यांच्यासोबत असते. कॅटेकिझम शिकविणाऱ्या एका मुलीने वर्षभर दर शनिवारी त्यास मंदिरात नेले, दिवा दाखविला, पेटी दाखविली, हात कसे पुढे करावयाचे ते शिकविले. घरी ताटात भाकरी पडली की तो हिसकावून घेतो. वेदीपाशी त्याने टाळ्या थांबविल्या आणि दोन्ही तळहात पुढे केले.

मिस्सात तो अद्याप टाळ्या वाजवितोच. परवा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तक्रार केली, "फादर, लक्ष लागत नाही." आम्ही त्यांस पुढच्या बाकावर बसावयास सांगितले. ते अजून रुसलेले आहेत.

सध्या भातकापणी चालू आहे आणि गुरुवारच्या पाळीस कोणी मिळत नाही. ज्यांच्या घरी कापणी उरकली असेल त्यांनी शनिवारच्या आत कळवावे. या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही जाऊन आलो. मुलास खिडकीची जागा लागते, आणि घाटात तो ओकतो, म्हणून एक जुने पंचे सोबत ठेवावे.